नर कुत्र्यांमधील संप्रेरकीय गर्भनिरोधनाची प्रतिवर्तिता

नर कुत्र्यांमधील संप्रेरकीय गर्भनिरोधनाची प्रतिवर्तिता म्हणजे संप्रेरकांच्या साहाय्याने काही काळ थांबवलेली नर कुत्र्याची प्रजननक्षमता औषधाचा प्रभाव ओसरल्यावर पूर्ववत होण्याचा गुणधर्म होय. शस्त्रक्रियेने वृषण काढून टाकल्यास कुत्रा कायमचा वंध्य होतो. संप्रेरकीय पद्धतीत वृषण शरीरातच राहतात, त्यांचे कार्य तेवढे स्थगित होते. या प्रकारात सध्या प्रामुख्याने डेस्लोरेलिन या औषधाचे त्वचेखालील रोपण वापरले जाते. बहुसंख्य कुत्र्यांमध्ये त्याचा प्रभाव प्रतिवर्ती असल्याचे आढळले आहे. तथापि तो नेमका कोणत्या दिवशी संपेल हे आधी सांगता येत नाही. तसेच रक्तातील संप्रेरकाची पातळी पूर्वपदावर येणे आणि कुत्रा पुन्हा प्रजननक्षम होणे या दोन वेगळ्या घटना असून त्यांच्यात काही महिन्यांचे अंतर असू शकते. पैदाशीसाठी राखलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ही प्रतिवर्तिता उपयुक्त ठरते, तर मोकाट कुत्र्यांच्या संख्या-नियंत्रणात तीच मोठी अडचण ठरते.

संज्ञा

मराठीत या विषयाशी संबंधित काही शब्द परस्परांच्या जागी वापरले जातात, परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ‘खच्चीकरण’ म्हणजे नराचे वृषण काढून टाकणे किंवा निकामी करणे. ‘निर्बीजीकरण’ हा शब्द प्रशासन व वृत्तपत्रे नर व मादी या दोहोंच्या कायमस्वरूपी शस्त्रक्रियेसाठी वापरतात. ‘गर्भनिरोधन’ या संज्ञेत कायमस्वरूपी व तात्पुरते असे दोन्ही उपाय येतात. संप्रेरकीय रोपणाचा परिणाम कायमचा नसल्याने त्याला निर्बीजीकरण म्हणणे योग्य नाही.

शरीरक्रियेची पार्श्वभूमी

नराच्या प्रजननाचे नियंत्रण मेंदूतून होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या अवचेतक, म्हणजेच हायपोथॅलॅमस, या भागातून गोनॅडोट्रोपिन-मोचक संप्रेरक स्रवते. दहा अमिनो आम्लांचे बनलेले हे संप्रेरक सलग न स्रवता थांबून थांबून, लहान लहान लाटांनी बाहेर पडते. प्रत्येक लाटेसरशी पीयूषिका ग्रंथीतून एलएच व एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात येतात. एलएचमुळे वृषणातील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात. एफएसएच व टेस्टोस्टेरॉन यांच्या एकत्रित प्रभावाने वृषणातील सूक्ष्म नलिकांमध्ये शुक्रपेशी तयार होतात. टेस्टोस्टेरॉन वाढले की मेंदूकडे उलट संदेश जाऊन वरील स्राव मंदावतो.

कुत्र्यामध्ये मूळ पेशीपासून पूर्ण शुक्रपेशी तयार होण्यास सुमारे ६२ दिवस लागतात. त्यानंतर ती अधिवृषणातून पुढे सरकत परिपक्व होते व यात आणखी सुमारे दोन आठवडे जातात. त्यामुळे प्रजननक्षमता थांबण्यास आणि परतण्यास बराच अवधी लागतो.

इतिहास

गोनॅडोट्रोपिन-मोचक संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये निश्चित झाली. मेंदूतील पेप्टाइड संप्रेरकांवरील संशोधनासाठी अँड्र्यू शॅली व रॉजर गिलमँ यांना १९७७ चे शरीरक्रियाशास्त्र अथवा वैद्यक विषयातील नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षीचे पारितोषिक त्यांच्यासह रोझालिन यॅलो यांनाही विभागून देण्यात आले होते. रचना कळल्यानंतर या संप्रेरकासारखी, पण त्याहून अधिक प्रभावी व दीर्घकाळ टिकणारी कृत्रिम द्रव्ये तयार करण्यात आली. डेस्लोरेलिन हे त्यांपैकी एक होय.

त्यापूर्वी नर कुत्र्यांमध्ये प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे व बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन यांचे प्रयोग झाले. प्रोजेस्टेरॉनसदृश औषधांचा उपयोग मुख्यतः नराचा समागमाकडील ओढा व प्रोस्टेट ग्रंथीची वाढ कमी करण्यापुरता राहिला. शुक्रपेशींची निर्मिती विश्वासार्हपणे थांबवण्यास ती अपुरी पडली. शिवाय दीर्घ वापरात मधुमेहासारखे धोके होते.

संप्रेरकाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे निर्माण करणारी लस हा दुसरा मार्ग होय. भारतात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संस्थापक-संचालक गुरसरन प्रसाद तलवार यांनी या प्रकारच्या लशीवर मूलभूत काम केले. लशीचा प्रभाव प्रतिपिंडांची पातळी घटल्यावर ओसरतो, परंतु प्रत्येक प्राण्याचा प्रतिसाद वेगळा असल्याने कालावधीचा अंदाज बांधणे कठीण जाते.

ऑस्ट्रेलियात डेस्लोरेलिनची हळूहळू विरघळणारी कांडी विकसित झाली. सुप्रेलोरिन या नावाने ती बाजारात आली. युरोपीय संघात ४.७ मिलिग्रॅमच्या रोपणाला २००७ मध्ये व ९.४ मिलिग्रॅमच्या रोपणाला २०१० मध्ये परवानगी मिळाली.

डेस्लोरेलिन रोपणाचे कार्य

रोपण म्हणजे तांदळाच्या लांबट दाण्यासारखी पांढुरकी कांडी असते. जाड सुईच्या साहाय्याने ती बहुधा दोन खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली सोडतात. यासाठी भूल देण्याची सहसा गरज पडत नाही. कांडीचे घटक शरीरात जिरून जातात, त्यामुळे ती काढून घेणे आवश्यक नसते.

डेस्लोरेलिन हे नैसर्गिक संप्रेरकाचेच अनुकरण करते. तरीही त्याने प्रजनन थांबते. याचे कारण स्रवण्याच्या रीतीत आहे. पीयूषिका ग्रंथीला लाटांनी येणारा संदेश कळतो. तोच संदेश अखंड येत राहिला की ग्रंथीवरील ग्राही कमी होतात व ती प्रतिसाद देईनाशी होते. या कारणाने परिणाम दोन टप्प्यांत दिसतो:

१. आरंभीचा उद्दीपनाचा टप्पा: पहिल्या काही दिवसांत एलएच व टेस्टोस्टेरॉन तात्पुरते वाढतात. या काळात कुत्रा नेहमीपेक्षा अधिक आक्रमक किंवा समागमोत्सुक होऊ शकतो.

२. अवरोधाचा टप्पा: त्यानंतर एलएच व टेस्टोस्टेरॉन घटून काही आठवड्यांत खच्चीकरण केलेल्या कुत्र्याइतक्या पातळीवर येतात. वृषणांचा आकार कमी होतो, वीर्य कमी होत जाते आणि शुक्रपेशींची निर्मिती थांबते.

टेस्टोस्टेरॉन घटले तरी आधी तयार झालेल्या शुक्रपेशी काही काळ शिल्लक असतात. म्हणून ४.७ मिलिग्रॅमच्या रोपणानंतर ६ आठवडे व ९.४ मिलिग्रॅमच्या रोपणानंतर ८ आठवडे कुत्र्याला माजावर आलेल्या मादीपासून दूर ठेवण्याची सूचना उत्पादकाने दिलेली आहे. त्यानंतर पहिल्याचा परिणाम किमान ६ महिने व दुसऱ्याचा किमान १२ महिने टिकतो असे गृहीत धरले जाते. येथे ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हा कालावधी वंध्यत्वाची खात्री देणारा आहे. त्यानंतर लगेच प्रजननक्षमता परतेल असा त्याचा अर्थ नाही.

प्रजननक्षमता परतण्याचा क्रम

अवरोधाच्या काळात नलिकांतील शुक्रपेशींचे पुढचे टप्पे नाहीसे होतात, परंतु ज्यांपासून शुक्रपेशी घडतात त्या मूळ पेशी जिवंत राहतात. या पद्धतीची प्रतिवर्तिता याच गोष्टीवर अवलंबून आहे. कांडीतील औषध संपत आले की पीयूषिका ग्रंथी पुन्हा प्रतिसाद देऊ लागते आणि पुढील क्रम सुरू होतो:

• प्रथम एलएच व पाठोपाठ टेस्टोस्टेरॉन वाढते.
• वृषणांचा आकार हळूहळू पूर्ववत होतो.
• मादीकडील ओढा व समागमाची क्षमता परतते.
• वीर्यात शुक्रपेशी दिसू लागतात. आरंभी त्यांची संख्या व हालचाल कमी असते.
• कालांतराने वीर्य सर्वसामान्य होते.

टेस्टोस्टेरॉन पूर्वपदावर आल्यानंतर शुक्रपेशींचे एक संपूर्ण आवर्तन होणे आवश्यक असते. ६२ दिवस व अधिवृषणातील अवधी धरता यासाठी साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे मादीकडे ओढ दाखवणारा कुत्रा त्या वेळी प्रजननक्षम असेलच असे नाही. उलट, मालकाच्या लक्षात येण्यापूर्वीच एखाद्या कुत्र्याची क्षमता परतलेली असू शकते.

परतण्याचे प्रमाण

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६ मिलिग्रॅम डेस्लोरेलिनच्या रोपणानंतर सुमारे चार आठवड्यांत एलएच व टेस्टोस्टेरॉन अत्यल्प झाले. रोपणानंतर ६० आठवड्यांपर्यंत कुत्र्यांचे वीर्य पूर्ववत झाल्याचे आढळले. अभ्यासातील कुत्र्यांची संख्या लहान होती, परंतु दीर्घकालीन व प्रतिवर्ती गर्भनिरोधनाची शक्यता त्यातून स्पष्ट झाली.

युरोपीय परवान्यासोबतच्या माहितीनुसार ४.७ मिलिग्रॅमचे एक किंवा अधिक रोपण केलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांमध्ये १२ महिन्यांच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी सर्वसामान्य, म्हणजे दर मिलिलिटरमागे ०.४ नॅनोग्रॅम किंवा अधिक, झाली. १८ महिन्यांच्या आत हे प्रमाण ९८ टक्के झाले. क्वचित प्रसंगी वंध्यत्व १८ महिन्यांहून अधिक काळ टिकते, असेही तेथे नमूद आहे. ९.४ मिलिग्रॅमच्या रोपणाच्या बाबतीत ६८ टक्के कुत्र्यांची प्रजननक्षमता २ वर्षांत परतली आणि ९५ टक्के कुत्र्यांमध्ये अडीच वर्षांत टेस्टोस्टेरॉन सर्वसामान्य झाले.

हे आकडे वाचताना मोजमाप कशाचे आहे हे पाहणे आवश्यक ठरते. ८०, ९८ व ९५ टक्के हे आकडे टेस्टोस्टेरॉनचे आहेत. ६८ टक्के हा प्रजननक्षमतेचा आहे. वृषणांचा आकार, वीर्याचे प्रमाण, शुक्रपेशींची संख्या आणि प्रत्यक्ष पिल्ले होणे यांविषयीची, विशेषतः वारंवार रोपण केलेल्या कुत्र्यांची, माहिती मर्यादित असल्याचे उत्पादकाच्या पत्रकातच म्हटले आहे. त्यामुळे ‘पूर्णतः प्रतिवर्ती’ असे सरसकट विधान करण्याऐवजी ‘बहुतांश प्रतिवर्ती’ असे म्हणणे अधिक अचूक होय.

प्रतिवर्तितेवर परिणाम करणारे घटक

शरीराचे वजन: १० किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या कुत्र्यांमध्ये ४.७ मिलिग्रॅमच्या रोपणाचा प्रभाव मोठ्या कुत्र्यांच्या सुमारे दीडपट काळ टिकल्याचे आढळले आहे. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींच्या बाबतीत हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

औषधाची मात्रा व पुनरावृत्ती: मोठ्या मात्रेचा प्रभाव अधिक काळ राहतो. आधीचा प्रभाव संपण्यापूर्वीच नवे रोपण केल्यास अवरोध अखंड चालू राहतो.

वय: वयात येण्यापूर्वी रोपण केल्यास वयात येणेच लांबणीवर पडते. वयस्क कुत्र्यात वार्धक्यामुळेही वीर्याची प्रत खालावते. अशा वेळी प्रजननक्षमता न परतण्याचे कारण औषध की वय, हे ठरवणे अवघड जाते.

रोपण काढून घेणे: प्रभाव लवकर संपवायचा असल्यास कांडी छोट्या शस्त्रक्रियेने काढता येते. पुढे काढण्याची शक्यता असेल तर ती सहज चाचपडता येईल अशा जागी, उदाहरणार्थ बेंबीजवळच्या पातळ कातडीखाली, बसवण्याचा पर्याय काही पशुवैद्यक निवडतात. जुनी कांडी ठिसूळ होऊन तुटत असल्याने ती संपूर्ण निघेलच असे नसते.

तपासणी

प्रजननक्षमता परतली की नाही हे केवळ वर्तनावरून ठरवता येत नाही. यासाठी वृषणांचे मोजमाप, रक्तातील टेस्टोस्टेरॉनची तपासणी व सूक्ष्मदर्शकाखाली वीर्याची तपासणी या क्रमाने माहिती मिळवतात. टेस्टोस्टेरॉनची पातळी दिवसभरात वर-खाली होत असल्याने एकाच कमी आकड्यावरून निष्कर्ष काढत नाहीत. रोपणापूर्वी वीर्याची तपासणी करून नोंद ठेवलेली असल्यास नंतरची तुलना अर्थपूर्ण होते. मूळची नोंदच नसेल तर आढळलेला दोष आधीपासूनचा होता की औषधामुळे आला, हे सांगता येत नाही.

दुष्परिणाम व खबरदारी

रोपणाच्या जागी काही दिवस सूज येऊ शकते. केसांच्या पोतात बदल, वजन वाढणे व क्वचित लघवीवर ताबा न राहणे हे टेस्टोस्टेरॉन घटल्याचे परिणाम असून औषधाचा प्रभाव ओसरल्यावर ते सहसा कमी होतात. भीतीपोटी येणारी आक्रमकता या उपायाने कमी होईलच असे नाही. गर्भवती स्त्रियांनी हे रोपण हाताळू नये, अशी सूचना आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीची चाचणी म्हणूनही रोपणाचा उपयोग केला जातो. खच्चीकरणानंतर कुत्र्याच्या वागण्यात काय फरक पडेल हे मालकाला काही महिने पाहता येते व परिणाम मानवला नाही तर प्रभाव ओसरू देता येतो. भूल देणे धोक्याचे असलेल्या वृद्ध किंवा हृदयविकारग्रस्त कुत्र्यांसाठीही हा पर्याय विचारात घेतला जातो.

महाराष्ट्रातील संदर्भ

पाळीव व पैदाशीचे कुत्रे

मराठवाडा, सोलापूर परिसर व उत्तर कर्नाटक या पट्ट्यात कारवान, पश्मी व मुधोळ या नावांनी ओळखले जाणारे शिकारी बांध्याचे कुत्रे परंपरेने पाळले जातात. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने मुधोळ हाउंडची देशी जात म्हणून नोंद केली आहे. अशा जातींत चांगल्या नराचे खच्चीकरण झाले की त्याचा वंश तेथेच थांबतो. म्हणून नको त्या समागमाला काही काळ आळा घालून पुढे पैदास चालू ठेवण्याची सोय येथे मोलाची ठरते. मात्र प्रजननक्षमता परतण्यास दोन वर्षेही लागू शकतात आणि नराचा पैदाशीचा काळ मर्यादित असतो. एकमेव उत्तम नरावर हा उपाय करणे त्यामुळे जोखमीचे ठरू शकते.

मराठी लोकव्यवहारात भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना मानला जातो. जयपूर येथील मोकाट कुत्र्यांच्या दीर्घकालीन नोंदींतही प्रजनन हंगामी असून पावसाळ्यानंतर गर्भधारणेचे प्रमाण वाढते, असे दिसले आहे. नर मात्र वर्षभर प्रजननक्षम असतो. भाद्रपदाच्या आरंभी त्याच्यापासून गर्भधारणा होऊ नये असे वाटत असेल, तर सहा ते आठ आठवड्यांचा पूर्वकाळ धरून रोपण आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यातच व्हावयास हवे.

मोकाट कुत्रे

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १२.७६ लाख मोकाट कुत्रे होते. त्यांच्या संख्या-नियंत्रणाची व्यवस्था प्रथम २००१ च्या व आता २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार चालते. कुत्रे पकडणे, शस्त्रक्रियेने निर्बीजीकरण करणे, रेबीज-प्रतिबंधक लस देणे, ओळखीसाठी कानाला खाच करणे व मूळ जागी सोडणे असा तिचा क्रम असून जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे. पाळीव कुत्र्याचे लसीकरण व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी मानली आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्रे मूळ जागी सोडण्याचे तत्त्व मान्य केले. रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्र्यांचा त्यास अपवाद केला. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्र्यांसाठी वेगळी व्यवस्था सांगितली.

या कामात प्रतिवर्ती उपाय गैरसोयीचा ठरण्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत:

• एक नर अनेक माद्यांना गर्भधारणा करू शकतो. वस्तीतील बहुतेक नर वंध्य असले तरी उरलेले थोडे नर माद्यांच्या गर्भधारणेस पुरेसे होतात. म्हणून संख्या-नियंत्रणात माद्यांच्या निर्बीजीकरणाला अधिक महत्त्व आहे.
• सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तोच कुत्रा पुन्हा पकडून नवे रोपण करावे लागते. एकदा पकडला गेलेला कुत्रा दुसऱ्यांदा सहज हाती लागत नाही.
• प्रत्येक कुत्र्यातील प्रभाव वेगवेगळ्या वेळी संपत असल्याने कोणता कुत्रा केव्हा प्रजननक्षम झाला, हे कळण्याचा मार्ग राहत नाही.
• कानाची खाच ही कायमस्वरूपी निर्बीजीकरणाची खूण आहे. तात्पुरत्या उपायासाठी तीच खूण वापरल्यास नोंदींचा अर्थच नाहीसा होईल.

हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण घेता हा भेद स्पष्ट होतो. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, वसमत व कळमनुरी या नगरपरिषदा असून उर्वरित वस्ती बहुतांशी खेड्यांत विखुरलेली आहे. गावातला कुत्रा अनेकदा अर्धा पाळलेला, अर्धा मोकाट असतो. तो रात्री शेतात राखणीला व दिवसा गावात असतो. अशा कुत्र्याच्या रोपणाची तारीख लक्षात ठेवणारा एक निश्चित मालक नसतो, आणि तारीख चुकली की आधीचा सर्व खर्च वाया जातो. एकदाच करावयाची शस्त्रक्रिया येथे अधिक भरवशाची ठरते. या भागाला जवळचे पशुवैद्यकीय शिक्षणाचे केंद्र म्हणजे परभणी येथील पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय होय. १९७२ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय सध्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे.

इतर पद्धतींशी तुलना

शस्त्रक्रियेने खच्चीकरण: प्रजननक्षमता व टेस्टोस्टेरॉन दोन्ही कायमचे थांबतात. परिणाम निश्चित असतो, परंतु भूल, शस्त्रक्रिया व जखमेची काळजी आवश्यक असते.

शुक्रवाहिनी-छेदन: टेस्टोस्टेरॉन व नराचे वर्तन कायम राहते, प्रजनन तेवढे थांबते. व्यवहारात हा उपाय कायमस्वरूपीच समजावा लागतो.

वृषणात झिंक ग्लुकोनेटचे इंजेक्शन: ही संप्रेरकीय पद्धत नव्हे. औषधाने नलिकांचा नाश होऊन कायमचे वंध्यत्व येते, तरी टेस्टोस्टेरॉन काही प्रमाणात शिल्लक राहते. अमेरिकेत या उपायाला २००३ मध्ये मान्यता मिळाली होती.

डेस्लोरेलिन रोपण: प्रजनन व टेस्टोस्टेरॉन दोन्ही थांबतात, पण तात्पुरते. ठरावीक काळाने पुनरावृत्ती व तारखांची काटेकोर नोंद आवश्यक असते.

हेही पहा

• संप्रेरक
• पीयूषिका ग्रंथी
• निर्बीजीकरण
• रेबीज
• मुधोळ हाउंड
• हिंगोली जिल्हा